कोठारांतला वाद्यवृंद

आमच्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत उत्तरेकडील तिसऱ्या खिडकीची एक काच सैल झाली आहे. सकाळच्या उपासनेच्या वेळीं पेटीवर एक विशिष्ट स्वर लांबविला कीं ती काच बारीक आवाजांत गुणगुणूं लागते. स्वर थांबला कीं तीही थांबते; दुसरा स्वर धरला तर तिला त्याचें कांहीं देणेंघेणें नसतें. मुलें माना वळवून खिडकीकडे पाहतात, पुढच्या बांकावरील लहानग्यांना हसूं आवरत नाहीं, आणि त्या दिवशीं ज्यांच्याकडे शास्त्रवाचन असेल ते शिक्षक कपाळाला आठ्या घालतात. गेल्या पावसाळ्यानंतर सुतारास बोलावून लांबी भरून घ्यावी असें ठरलें होतें. तें अद्याप झालेलें नाहीं, याचें आम्हांस मनांतून बरेंच वाटतें. कारण ज्या विषयावर येथें लिहावयाचें योजिलें आहे त्याचें मूळ त्या काचेंत आहे.

प्रत्येक घन वस्तूस तिच्या आकाराप्रमाणें, जाडीप्रमाणें व ती ज्या पदार्थाची असेल त्याप्रमाणें कांहीं ठराविक गतींनीं कांपण्याची स्वाभाविक प्रवृत्ति असते. बाहेरून येणारा नाद नेमका त्यांतल्या एखाद्या गतीचा असला कीं ती वस्तु आपण होऊन त्याला साथ देऊं लागते. यास शास्त्रांत अनुनाद म्हणतात. नववीच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत नादकांटा हाताळलाच असेल. दर सेकंदास २५६ कंपनें करणारा कांटा रबराच्या ठोकळ्यावर आपटून हवेंत धरला तर त्याचा आवाज कानाजवळ नेल्याशिवाय ऐकूं येत नाहीं. परंतु त्याचा दांडा टेबलाला टेंकवितांच सगळी फळी बोलूं लागते आणि मागच्या रांगेपर्यंत स्वर पोहोंचतो. येथें टेबलाचा अनुनाद असेलच असें नाहीं. कांट्यानें फळीला कांपावयास लावलें आणि फळीनें पुष्कळशी हवा एकदम हालविली, इतकेंच. पण तोच कांटा पत्र्याच्या डब्याला, काचेच्या तावदानाला किंवा कपाटाच्या दाराला लावून पाहिला तर प्रत्येक ठिकाणीं आवाजाची जात बदलते. कांटा एकच, बोलणारें अंग निराळें. तंबोऱ्याला मिरजेचे कारागीर एवढा मोठा भोपळा निवडून निवडून कां बसवितात, तें यावरून ध्यानांत येईल.

या एवढ्याशा गोष्टीच्या पायावर एका गृहस्थानें संगीताची एक नवीच शाखा उभारली. त्यांचें नांव डेव्हिड ट्यूडर. त्यांचा जन्म १९२६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं झाला. तरुणपणींच ते चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत असत. ऑर्गन हें वाद्य असें आहे कीं तें इमारतीपासून निराळें करितांच येत नाहीं. मंदिराच्या भिंती, घुमट व लांकडी छत हीं सगळीं त्या वाद्याचाच भाग असतात. हा संस्कार त्यांच्या मनावर खोल झाला असावा असें आम्हांस वाटतें.

पुढें ते पियानोकडे वळले आणि थोड्याच वर्षांत त्यांची अशी कीर्ति झाली कीं जें इतरांस वाजवितां येत नाहीं तें ट्यूडर यांजकडे न्यावें. पिअर बुलेझ या फ्रेंच रचनाकाराचा दुसरा पियानो सोनाटा म्हणजे दुर्घटपणाचा कळस समजला जाई. तो बसविण्याच्या खटपटींत ट्यूडर यांनीं फ्रेंच भाषा शिकून घेतली. रचनाकार काय विचार करतो हें त्याच्याच शब्दांत वाचल्याशिवाय त्यांस स्वस्थता वाटेना. डिसेंबर १९५० मध्यें न्यू यॉर्क येथें त्यांनीं ती रचना अमेरिकेंत प्रथमच वाजवून दाखविली. १९५२ च्या ऑगस्टमध्यें वुडस्टॉकजवळच्या रानांतील एका लांकडी सभागृहांत याच ट्यूडर यांनीं जॉन केज यांची ती प्रसिद्ध रचना सादर केली, जिच्यांत चार मिनिटें तेहतीस सेकंद वाजविणारा एकही स्वर वाजवीत नाहीं. घड्याळ समोर ठेवून त्यांनीं पियानोचें झांकण मिटलें, उघडलें, पुन्हां मिटलें. श्रोत्यांना त्या अवधींत वारा व छपरावरचे पावसाचे थेंब ऐकूं आले. कित्येकजण संतापून निघून गेले. त्यांचा राग आम्हांस समजूं शकतो. पैसे देऊन गाणें ऐकावयास गेलेल्या मनुष्यास छपराचा आवाज ऐकविल्यास तो रागावणारच.

आणि मग चाळिशीच्या सुमारास या मनुष्यानें एक विलक्षण गोष्ट केली. वीस वर्षें ज्या बोटांना वळण लावलें तीं बोटें हळूहळू पियानोवरून काढून घेऊन त्यांनीं हातांत सोल्डरची सळई धरली. विद्युत्-शास्त्राची कोणतीही पदवी त्यांजपाशीं नव्हती. हौशी लोकांसाठीं निघणाऱ्या मासिकांतील आराखडे वाचून, गॉर्डन मम्मा यांच्यासारख्या जाणत्या मित्रांना विचारून, चुका करून व पुन्हां जोडून ते शिकले. लहान लहान डब्यांत बसविलेलीं हीं यंत्रें ते स्वतः घडवीत, आणि एका मोठ्या टेबलावर अशीं अनेक यंत्रें मांडून तारांनीं एकमेकांस जोडीत. ज्या वयांत आम्हां शिक्षकांना नवें पाठ्यपुस्तक आलें तरी कुरकुर करावीशी वाटते, त्या वयांत जगांतला एक अग्रगण्य वादक पुन्हां बिगारींतला विद्यार्थी झाला, हें आम्हांस त्यांच्या सर्व वादनाहून मोठें वाटतें.

त्यांच्या यंत्रांचें एक मर्म सांगण्यासारखें आहे. स्नेहसंमेलनांत मायक्रोफोन चुकून ध्वनिक्षेपकासमोर आला म्हणजे जी कर्णकर्कश शीळ उठते ती सर्वांच्या परिचयाची आहे. ध्वनिक्षेपकांतून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्यें शिरतो, वाढून पुन्हां बाहेर पडतो, पुन्हां शिरतो, आणि हें चक्र क्षणांत हाताबाहेर जातें. आपण धांवत जाऊन बटण फिरवितों. ट्यूडर यांनीं बटण न फिरवितां ती शीळ ऐकली. एका यंत्राचें निर्गमन त्याच्याच आगमनास जोडावें, मध्यें दुसरीं चारदोन यंत्रें घालावीं, आणि त्या चक्रांतून जो नाद जन्मास येईल त्याला हलक्या हातानें वळवीत राहावें, असा त्यांचा क्रम असे. यंत्रावर हुकमत चालविणें त्यांस आवडत नसे. यंत्राला काय बोलावयाचें आहे तें पाहणें आवडे.

ऑक्टोबर १९६६ मध्यें न्यू यॉर्क शहरीं एक अपूर्व प्रयोग झाला. ‘नाइन ईव्हनिंग्ज’ या नांवानें दहा कलावंत व बेल प्रयोगशाळेंतील सुमारें तीस इंजिनिअर एकत्र आले, आणि त्यांनीं जागा निवडली ती लष्कराच्या एका रेजिमेंटची कवायतीची प्रचंड इमारत. ज्या जमिनीवर शिपायांचे बूट आपटत तेथें ट्यूडर बँडोनिऑन हातांत घेऊन बसले. हें वाद्य आपल्या पेटीचें चुलतभावंड होय. तेंही भात्यावर चालतें व त्यांतही पितळी नव्हे तर पोलादी पट्ट्या कांपतात. त्यांचा स्वर विजेच्या यंत्रांत शिरून दिवे चालवी, पडद्यावर आकृति उमटवी आणि चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या ध्वनिक्षेपकांतून दालनभर फिरे. त्या दालनांत आवाज कित्येक सेकंद घुमत राही. संगीताच्या दृष्टीनें असली जागा सदोष म्हणून कोणीही टाकून दिली असती. ट्यूडर यांनीं तिलाच वाद्य मानलें. प्रयोगाचें नांव ‘बँडोनिऑन’ असून त्यापुढें एक उद्गारचिन्ह आहे. पण तें उद्गारचिन्ह नसून गणितांतील क्रमगुणिताचें चिन्ह आहे. अकरावीच्या मुलांना याची गंमत कळेल.

आतां आमच्या खिडकीच्या काचेकडे येऊं. ध्वनिक्षेपकाच्या आंत एक लोहचुंबक व तारेचें एक वेटोळें असतें. वेटोळ्यांतून विद्युत्प्रवाह कमीअधिक वाहिला कीं तें मागेंपुढें हालतें, आणि त्याला चिकटविलेला कागदी शंकु हवेला हालवितो. चांगला ध्वनिक्षेपक कोणता? ज्याला स्वतःचा आवाज नाहीं तो. सनईला सनई व सतारीला सतार म्हणून निमूटपणें पोहोंचविणारा. ट्यूडर यांस हें मान्य होईना. वाद्यवृंदांत जसें प्रत्येक वाद्याला आपलें व्यक्तित्व असतें तसें प्रत्येक ध्वनिक्षेपकाला कां असूं नये? म्हणून त्यांनीं कागदी शंकु नसलेलीं कंपनयंत्रें घेतलीं आणि तीं निरनिराळ्या वस्तूंना घट्ट बसविलीं. आतां शंकूचें काम वस्तूच करूं लागली. जो नाद तिच्या प्रकृतीला मानवे तो ती मोठ्यानें बोले, न मानवे तो गिळून टाकी. शिवाय वस्तूलाच दुसरीकडे एक स्पर्श-मायक्रोफोन लावून तिच्या अंगांतली थरथर सामान्य ध्वनिक्षेपकांतूनही ऐकविण्याची व्यवस्था केली. एकच नाद असा दोन वाटांनीं श्रोत्यापर्यंत येई.

१९६८ च्या मार्चमध्यें मर्स कनिंगहॅम यांच्या ‘रेनफॉरेस्ट’ म्हणजे ‘पर्जन्यवन’ या नृत्यासाठीं ही युक्ति पहिल्यानें वापरली गेली. अमेरिकेंतील बफेलो शहरांत झालेल्या त्या प्रयोगांत रंगमंचावर अँडी वॉरहॉल यांच्या हेलियम वायूनें भरलेल्या रुपेरी उशा तरंगत होत्या. दौऱ्यावर नेतां याव्यात म्हणून त्या वेळच्या वस्तु लहान होत्या. या रचनेला खरा विस्तार मिळाला तो पांच वर्षांनीं, आणि तो एका धान्यागवताच्या कोठारांत.

न्यू हॅम्पशायर संस्थानांतील शोकोरुआ या खेड्यांत १९७३ च्या उन्हाळ्यांत नव्या संगीताचा एक अभ्यासवर्ग भरला होता. ट्यूडर तेथें शिकविण्यास गेले. शिकावयास आलेलीं मुलें बहुतेक विशीच्या आंतबाहेरचीं; त्यांत जॉन ड्रिस्कॉल, फिल एडलस्टीन, लिंडा फिशर होतीं, आणि बिल व्हायोला नांवाचा बावीस वर्षांचा एक तरुण होता, जो पुढें चित्रफितींच्या कलेंत जगप्रसिद्ध झाला व २०२४ सालीं वारला. ट्यूडर यांनीं त्यांच्यापुढें स्वरलिपीचा कागद ठेवला नाहीं. प्रत्येकानें आपापली वस्तु आणावी, तिला कंपनयंत्र लावावें आणि कोणत्या नादानें ती जागी होते हें स्वतः शोधून काढावें. तेलाचें पिंप, पलंगाच्या स्प्रिंगा, पत्रा, लांकडी खोकीं अशा वस्तु या रचनेंत पुढें नेहमीं आढळतात. त्या छतापासून दोऱ्यांनीं टांगल्या जात, सुमारें माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

अशा मांडणींत श्रोत्याची जागा कोणती, असा प्रश्न उत्पन्न होतो. सभागृहांत त्याचें उत्तर तिकिटावर छापलेलें असतें. कोठारांत व्यासपीठ नाहीं, पहिली रांग नाहीं, टाळ्यांची वेळ नाहीं. प्रयोग तासचे तास चाले. लोक टांगलेल्या वस्तूंमधून हिंडत, पिंपांत डोकें घालीत, पत्र्याला कान लावीत; कित्येकजण तर वस्तु दांतांनीं हलकेच धरून आवाज हाडांवाटे कवटींत घेत. कोणी एकाच खोक्यापाशीं अर्धा तास बसे, तर लहान मुलें सगळीकडे धांवत. हा सारा समुदाय दुरून ऐकला तर किडे, पक्षी, बेडूक व पागोळ्या यांनीं भरलेल्या रानाचा भास होतो, असें त्या रचनेचें ध्वनिमुद्रण ऐकतांना आम्हांसही वाटलें. आणि गंमत ही कीं त्यांत एकही पक्षी नाहीं.

हें संगीत म्हणावें कीं नाहीं? गतवर्षीं एका पालकांनीं आम्हांस जवळजवळ हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला. त्यांचा मुलगा मोडक्या रेडिओंचीं पोटें फाडून त्यांतले भाग डब्यांना जोडीत बसतो आणि घरांत चमत्कारिक आवाज काढतो. हा अभ्यास कीं टवाळकी, एवढें सांगा, असें ते म्हणाले. आम्हीं त्या वेळीं जें उत्तर दिलें तें शिक्षकास शोभेल असें गुळमुळीत होतें. आज थोडें स्पष्ट लिहितों. ट्यूडर यांनीं एकट्यानें वाजविलेल्या कांहीं रचना आमच्या कानांस झेंपत नाहींत. मोठेपणाचा दबदबा बाजूस ठेवून बोलावयाचें तर त्यांतील कांहीं भाग आम्हीं पुरा ऐकूं शकलों नाहीं. परंतु ‘पर्जन्यवना’ची गोष्ट वेगळी. त्यांत ऐकणें हेंच मुख्य काम आहे, वाजविणाऱ्यालाही आणि येणाऱ्यालाही. आणि कान देणें जेथें एवढ्या चिकाटीनें शिकविलें जातें त्यास संगीताच्या घरांत ओसरी तरी द्यावीच लागेल. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रांत कर्ण्यापासून झांजांपर्यंत वाद्यांची मोठी यादी आहे. झांज म्हणजे तरी काय, एकमेकांवर आपटणारे दोन पत्रेच! त्या पालकांचा मुलगा टवाळ नाहीं. मात्र भिंतींतल्या विजेशीं त्यानें खेळूं नये, सहा किंवा नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच काम करावें, आणि बीजगणिताची वही वेळेवर द्यावी.

या कथेची दुसरी बाजू मात्र मनास चुटपुट लावणारी आहे. ट्यूडर १९९६ सालीं वारले. त्यांनीं घडविलेलीं व जमविलेलीं यंत्रें कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठांत ठेवलेलीं आहेत, आणि त्यांचे कागद लॉस एंजेलिस येथील गेटी संशोधनसंस्थेंत. डबे आहेत, तारा आहेत, आराखडे आहेत. पण कोणता डबा कोणत्या डब्यास, कोणत्या क्रमानें, किती फिरवून जोडावा, हें ज्या हातांना ठाऊक होतें ते हात गेले. त्यांनीं आपल्या रीतीचें स्पष्टीकरण फारसें लिहून ठेवलें नाहीं. यू नाकाई नांवाच्या जपानी संशोधकानें वर्षानुवर्षें ते डबे व कागद ताडून पाहून २०२१ सालीं एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. एकेका डब्यापुढें कोडें सोडविण्यास बसावें तसें तें काम आहे. एकट्यानें वाजविलेल्या रचना अशा अर्ध्यामुर्ध्या मुक्या झाल्या. उलट ‘पर्जन्यवन’ जिवंत आहे, कारण तें कोठारांत मुलांच्या हातीं दिलें गेलें होतें. त्याच मुलांनीं पुढें ‘कंपोझर्स इनसाइड इलेक्ट्रॉनिक्स’ या नांवानें मंडळी बनविली, देशोदेशीं प्रयोग केले, आणि २०१९ सालीं न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्यें ही रचना मांडली तेव्हां ती आपोआप चालणारी करून ठेवली. त्या दालनांत धातूचें पिंप होतें, जुन्या संगणकाची तबकडी होती, प्लॅस्टिकच्या नळ्या होत्या. ड्रिस्कॉल व एडलस्टीन तोंवर वृद्ध झाले होते. पण कोठें काय लावावयाचें हें त्यांच्या हातांना माहीत होतें.

आपल्या देशांतही हीच गोष्ट एकदां घडली आहे, आणि तिच्यांतही ट्यूडर आहेत. विक्रम साराभाईंच्या भगिनी गीता साराभाई या पखवाज वाजविणाऱ्या आपल्याकडील पहिल्या स्त्रियांपैकीं एक. १९४६ मध्यें न्यू यॉर्क येथें त्यांनीं जॉन केज यांस भारतीय संगीत शिकविलें व त्यांजकडून पाश्चात्य संगीत शिकून घेतलें. संगीताचा हेतु मन शांत करून त्यास ईश्वरी प्रेरणेस पात्र करणें हा आहे, ही कल्पना केज यांस गीताबाईंकडून मिळाली, आणि ते जन्मभर तिचा उल्लेख करीत राहिले. याच स्नेहसंबंधांतून १९६९ सालीं ट्यूडर अहमदाबादेस आले आणि तेथील राष्ट्रीय आरेखन संस्थेंत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्यें, त्यांनीं मूग सिंथेसायझर व ध्वनिफितींचीं यंत्रें बसवून एक विद्युत्-संगीताची खोली उभी केली. रेषा, रंग, मातीचे व लांकडाचे नमुने यांचें शिक्षण देणाऱ्या शाळेंत ही खोली! गीताबाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनीं तेथें रचना केल्या. १९७२ नंतर तें काम थंडावलें, आणि फिती संस्थेच्या संग्रहांत पडून राहिल्या. सुमारें चार दशकांहून अधिक काळ आपल्या देशाच्या या पहिल्या विद्युत्-संगीताची बहुतेक कोणासच वार्ता नव्हती. पॉल पुर्गस या लंडनच्या कलावंतानें तो ठेवा शोधून काढला, आणि २०२३ मध्यें त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. फिती वांचल्या हें थोरच. पण त्या खोलींत बसून शिकलेल्यांच्या हाताखालीं दुसरी पिढी शिकली असती तर आज आपल्याकडे ही विद्या कोठवर आली असती, असें राहून राहून मनांत येतें.

ज्यांना हा विषय घरीं करून पाहावयाचा असेल त्यांनीं विजेशिवाय आरंभ करावा. सुमारें एक मीटर लांबीचा जाड दोरा घ्या. त्याच्या मधोमध आईच्या परवानगीनें स्वयंपाकघरांतील एक स्टीलची पळी बांधा. दोऱ्याचीं दोन्ही टोंकें दोन तर्जन्यांना गुंडाळून बोटें हलकेच कानांवर दाबून धरा, वांका, आणि लोंबती पळी टेबलाच्या कडेवर आपटूं द्या. शेजारीं उभ्या असलेल्या मनुष्यास केवळ टिणकन् आवाज ऐकूं येईल. तुम्हांस मोठ्या देवळाची घंटा ऐकूं येईल, आणि ती बराच वेळ घुमत राहील. मग पळीच्या जागीं डाव, झारा, उलथणें, तारेची जाळी बांधून पाहा, आणि कोणती वस्तु कसा आवाज करते तें वहींत लिहा. आमच्या एका वर्गानें हा प्रयोग केला तेव्हां सर्वांत सुंदर आवाज शेगडीच्या जुन्या जाळीनें दिला; ती जाळी शास्त्राच्या खोलींतील कपाटांत खालच्या खणांत ठेविली आहे. सुट्टीनंतर जो मागेल त्यास मिळेल. त्याच खणांत बॅटरीवर चालणारा एक लहान ॲम्प्लिफायर व शंकु काढलेले दोन ध्वनिक्षेपक आहेत. ज्याच्या घरीं रिकामें पिंप असेल त्यानें आम्हांस भेटावें.